एक काना चुकला आणि वर्षाचे हेलपाटे

सातबाऱ्यावरची चूक कशी शोधावी, कोणाकडे मांडावी

शेतकऱ्याच्या घरात देवघराखालोखाल जपला जाणारा कागद म्हणजे सातबारा. पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली, खताच्या पिशवीत गुंडाळून तो ठेवलेला असतो. पण तो वरपासून खालपर्यंत वाचलेला माणूस गावात हुडकावा लागतो. आपले नाव दिसले, गट नंबर दिसला, की घडी घातली. क्षेत्राच्या रकान्यात टिंब कोठे पडले आहे, इतर हक्कात कोणाचा बोजा अजून ठाण मांडून आहे, कंसात कोणाचे नाव गेले आहे, हे कोणी बघत नाही. बघायची वेळ येते ती सोसायटीच्या कर्जाला, नाहीतर रस्त्यात जमीन गेल्याची नोटीस आल्यावर. मग समजते, की आजोबांच्या नावातला एक काना टाइप करणाऱ्याने खाल्ला आहे आणि बापाचे नाव चुलत्याच्या नावापुढे जाऊन बसले आहे.

"चूक त्यांची आणि हेलपाटे आमचे," हे वाक्य कुठल्याही तहसील कचेरीच्या व्हरांड्यात कानावर पडते. त्यात खोटे काही नाही. पण निम्मे हेलपाटे चुकीच्या दारात घातलेले असतात, हेही तितकेच खरे. तहसीलदाराचे काम तलाठ्याकडे, मोजणी खात्याचे काम तहसीलदाराकडे आणि दिवाणी कोर्टातले भांडण साध्या अर्जावर, असा सगळा घोळ असतो. चूक कोणत्या जातीची आहे एवढे आधी ठरले, तर पुढचा रस्ता बराच सरळ आहे.

सातबारा हे मूळ नव्हे

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड. सातमध्ये जमीन कोणाची, किती आणि तिच्यावर कोणाचे काय हक्क आहेत ते असते; बारामध्ये पीकपाणी. पण सातबाऱ्यावर कोणतेही नाव आपोआप उगवत नाही. ते फेरफाराने येते आणि फेरफारानेच जाते. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी, वाटणी, वारस, बोजा, काहीही असो, आधी तिथे नोंद पडते, चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांना कळवले जाते, १५ दिवस हरकतीची वाट पाहिली जाते आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली, की मग सातबाऱ्यावर उतरते. तुमच्या उताऱ्यावर जागोजागी गोल केलेले किंवा कंसातले जे आकडे दिसतात, ते याच फेरफारांचे नंबर.

म्हणून चूक शोधायची तर उलटे चालावे लागते. आजच्या उताऱ्यावरून फेरफार नंबर काढायचा, त्या फेरफाराची नक्कल मागायची, तो ज्या कागदावरून झाला तो कागद, म्हणजे खरेदीखत, वारसाचा जबाब, कोर्टाचा हुकूम, बघायचा. जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत मागे जाण्याची तयारी ठेवावी. जिथे गटवारी झाली तिथे जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर यांचा मेळ आधी घालून घ्यावा, नाहीतर भलत्याच जमिनीचा इतिहास हातात येतो.

हे चालता चालता एक पान असे सापडते, की त्याच्या आधी नाव बरोबर आहे आणि त्याच्या नंतर चुकीचे. तेच पान तुमचे प्रकरण. बाकीचा ढीग घरी ठेवला तरी चालेल. हे पान न शोधता नुसते "साहेब, नाव चुकलंय" म्हणत गेलेल्या माणसाला "पुरावा आणा" हे उत्तर मिळते, आणि ते देणाऱ्या कारकुनाला दोष देता येत नाही.

बहुतेक पाने एकाच काळात सापडतील. हाताने लिहिलेले सातबारे संगणकात भरले गेले तेव्हा. लिहिणाऱ्या तलाठ्याचे अक्षर मोडी वळणाचे, शाई उडालेली, टाइप करणारा पोरगा गावाबाहेरचा. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मग 'सोनाबाई भ्र. अमुक' या बाईचा नवरा तिचा बाप होतो. अज्ञान पोराचा पालनकर्ता चुलता खातेदार होतो. पोरगा आज साठीला आला तरी उताऱ्यावर अज्ञानच. २०१७ साली राज्यभर चावडी वाचन झाले, ते याच चुका काढायला. गावोगाव सातबारे वाचून दाखवले गेले, हरकती मागवल्या गेल्या. ज्या गावात लोक जमले त्या गावात बरेच काही धुऊन निघाले. बाकीच्या ठिकाणी सह्या झाल्या आणि दप्तर बंद झाले. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. सही झाली म्हणजे मजकूर बरोबर, असे मात्र समजू नये. चुकीच्या नावावरही सही डिजिटलच होते.

कलम १५५ : छोटे पण कामाचे

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चे कलम १५५ हे लेखनप्रमादाचे कलम. लिहिताना, उतरवताना झालेली चूक, किंवा संबंधित सगळ्यांनी 'होय, ही चूक आहे' म्हणून कबूल केलेली चूक, कधीही दुरुस्त करता येते असे ते सांगते. कायद्यात शब्द जिल्हाधिकारी असा आहे. व्यवहारात हा अधिकार तहसीलदार वापरतात. तेव्हा अर्ज तहसीलदाराच्या नावे. तलाठी स्वतःच्या अधिकारात प्रमाणित झालेल्या नोंदीतले एक अक्षरही खोडू शकत नाही. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. त्याच्याकडून चांगला अहवाल जाईल हे बघावे.

अर्ज लांबलचक नको. आपल्याकडे अर्ज म्हटले की दुष्काळापासून सुरुवात होते आणि मुलीच्या लग्नावर शेवट. त्याची इथे गरज नाही. साधारण असे लिहावे: "मौजे अमुक येथील गट नं. अमुक. फेरफार क्र. अमुक, मंजूर दिनांक अमुक. सदर फेरफारात माझ्या वडिलांचे नाव 'दगडू' असे असून संगणकीकृत सातबाऱ्यावर ते 'दादू' असे आले आहे. सबब कलम १५५ अन्वये दुरुस्ती होऊन मिळावी." सोबत आजचा उतारा, जुना हस्तलिखित उतारा, त्या फेरफाराची नक्कल, ओळखीचा पुरावा आणि नाव एकाच व्यक्तीचे असल्याचे प्रतिज्ञापत्र. अर्जाची दुसरी प्रत बरोबर न्यावी आणि तिच्यावर आवक शिक्का, नंबर, तारीख घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नये. शिक्का नसलेला अर्ज दिला नसल्यासारखाच. पुढच्या खेपेला "तुमचं प्रकरण कुठाय?" असे विचारले, तर दाखवायला काहीतरी हातात पाहिजे.

हस्तलिखित आणि संगणकीकृत उताऱ्यात फरक पडला आहे, एवढीच तक्रार असेल तर महसूल खात्याच्या ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज टाकता येतो. पालनकर्त्याचे नाव कमी करणे, ए.कु.मॅ. शेरा काढणे, मयताचे नाव कमी करणे, फिटलेला बोजा उतरवणे, यांचे अर्जही तिथे आहेत. गावातल्या शिकलेल्या पोरांनी म्हाताऱ्यांसाठी एवढे केले तर बऱ्याच एसटीच्या खेपा वाचतील.

अर्ज गेल्यावर तहसीलदार मंडळ अधिकारी आणि तलाठ्याकडून अहवाल मागवतात, संबंधितांना नोटिसा काढतात, म्हणणे ऐकतात आणि आदेश देतात. नोटिसा हीच खरी अडण्याची जागा. गटात बारा सहहिस्सेदार, त्यातले चार मुंबईला, दोन वारलेले, एकाशी बांधावरून अबोला. मुंबईचा भाऊ तारखेला येत नाही, बोलत नसलेला मुद्दाम येत नाही, आणि प्रकरण पुढची तारीख घेते. म्हणून अर्ज देण्याआधी भावकीत बसून बोलावे. "माझं नाव नीट होतंय, तुझं गुंठाभरही हलत नाही," हे समजावून सांगितले आणि सगळ्यांचे संमतीचे जबाब एकाच दिवशी झाले, तर काम फार लवकर होते. कबूल केलेली चूक दुरुस्त करता येते, असे कायदाच म्हणतो. भावकीची कबुली हा इथे सर्वात स्वस्त पुरावा आहे.

जिथे हे कलम थांबते

आता नाजूक भाग. कलम १५५ ने चूक दुरुस्त होते, हक्क बदलत नाही. 'दादू'चा 'दगडू' होईल. पण दगडूच्या जागी रामू येणार नाही, आणि बहिणीचे नाव 'चुकून लागले' म्हणून काढता येणार नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला आहे. तिला सोडायचाच असेल तर तिने स्वतः, समजून उमजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. तरीही "पन्नास-शंभर कशाला, थोडं जास्ती बघा, एकशे पंचावन्नमध्ये नाव उडवून देतो," असे सांगणारी माणसे कचेरीच्या आसपास भेटतात. असा आदेश अपिलात टिकत नाही आणि दिलेले पैसे परत येत नाहीत. जमिनीच्या जुन्या वादात या कलमाची आड घेऊ नये, हे उच्च न्यायालयानेही वेळोवेळी बजावलेले आहे.

आणि हेच तुमच्या विरुद्ध झाले तर? तहसीलदाराच्या आदेशावर प्रांताकडे अपील करण्याची मुदत ६० दिवसांची आहे. आदेश हातात पडल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवावी. उशीर का झाला याचे कारण पटवून दिले तर उशीर माफ होतो, पण त्या माफीवर विसंबून बसणे म्हणजे ढगाकडे बघून पेरणी करणे. फेरफाराची नोंद अजून प्रमाणित झाली नसेल तर लेखी हरकत द्यावी. हरकत आली, की नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, गाव नमुना सहा-अ मध्ये जाते आणि दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मंजूर करता येत नाही. तोंडी हरकतीचा गावात गाजावाजा होतो, दप्तरात मात्र काही उमटत नाही.

सातबारा म्हणजे मालकीचा शेवटचा शब्द, हाही एक गैरसमज. अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, असे कलम १५७ म्हणते. पण नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि नोंद नसल्याने ती बुडतही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आणि त्यानंतरही सांगितले आहे. खरेदीखत खरे की खोटे, वाटणी झाली की नाही, दत्तक कोण, या प्रश्नांना दिवाणी कोर्टच लागते. तहसीलदारापुढे त्यात दहा वर्षे घालवण्यात शहाणपण नाही.

वारसाची गोष्टही अशीच वेगळी. बाप वारला, नाव तसेच राहिले, ही दुरुस्ती नव्हे. ती वारस नोंद. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची खरी यादी घेऊन तलाठ्याकडे जावे, दिलेल्या वर्दीची पोच मागावी. कायद्याने ती लगेच द्यायची असते. राज्यात लाखांनी उतारे वारलेल्या माणसांच्या नावाने पडून राहिले, म्हणूनच २०२५ साली 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली. ती आधी बुलढाणा जिल्ह्यात झाली, नंतर राज्यभर. उलटी गोष्टही घडते. उत्तर प्रदेशात आझमगढ जिल्ह्यातल्या लालबिहारी नावाच्या माणसाला जमिनीसाठी नातलगांनी कागदावर मारून टाकले. त्याने आपल्या नावापुढे 'मृतक' लावले, अशाच कागदी मयतांचा संघ काढला आणि झगडत झगडत १९९४ साली तो सरकारी दप्तरात पुन्हा जिवंत झाला. आपल्याकडे एवढी वेळ सहसा येत नाही, पण यादीतून एखादी बहीण किंवा पहिल्या बायकोचा मुलगा 'विसरला' जाणे ही आपली नेहमीची तऱ्हा आहे. वारस यादीवर सही करणाऱ्या पंचांनी आणि पोलिस पाटलांनी याचा विचार करावा.

टिंबाचा खेळ

नावाच्या खालोखाल भांडण लावते ते क्षेत्र. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले आणि टिंबाने जागा बदलली. अडीच एकर म्हणजे २ एकर २० गुंठे. हेक्टरमध्ये ते १ हेक्टर १ आर होते, उताऱ्यावर १.०१. कोणी ते एकर-गुंठे तसेच २.२० हेक्टर म्हणून उतरवले, तर जमीन दुपटीच्या वर गेली. १.०५ चे १.५० झाले, तर ४५ आर, म्हणजे एकराहून जास्त, फुकट वाढले. वाढले म्हणून खूश होणारे आहेत. पण विकताना, मोजणीला, भूसंपादनाच्या मोबदल्याला ते सगळे उलटते. शेजाऱ्याशी वैर होते ते वेगळेच.

फेरफारात क्षेत्र बरोबर आणि सातबाऱ्यावर चुकीचे असेल तर मागचाच रस्ता, कलम १५५. मोजणीत किंवा आकडेमोडीतच चूक असेल तर ते काम भूमी अभिलेख कार्यालयाच्या दप्तरावरून ठरते आणि कलम लागते १०६. तिथून आकारबंद, गुणाकार बुक, टिपण यांच्या नकला घ्याव्यात. आकारबंद आणि सातबारा यांचे क्षेत्र जुळते का, हे तर चूक नसली तरी एकदा पाहून ठेवावे. गटवारीच्या वेळीच गट एकाचा, ताबा दुसऱ्याचा असे झाले असेल, तर १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याकडे जावे लागते. त्यात लिहिण्या-बेरजेच्या चुकीला कलम ३१-अ आणि योजनेतल्या इतर चुकीला कलम ३२ आहे. ही प्रकरणे वेळखाऊ आहेत. जाणकार वकील लागतो, हे आधीच सांगितलेले बरे.

आधार बदलावे की सातबारा?

पीएम किसानचे वर्षाला सहा हजार रुपये २०१९ पासून खात्यावर येऊ लागले आणि नावातल्या फरकाची पहिली झळ बसली ती तेव्हा. २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो काढताना आधारवरचे नाव व सातबाऱ्यावरचे नाव शेजारी शेजारी ठेवले जाते. लोक लगेच तहसीलकडे धावतात. जरा थांबावे. सातबाऱ्यावरचे नाव जुन्या फेरफाराशी जुळत असेल, तर चूक तिथे नाही, आधारवर आहे. "आधारवर असं आहे म्हणून सातबारा बदला," हा अर्ज टिकत नाही. आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून केंद्रावर बसलेल्या पोराच्या हातचे स्क्रीनवरचे नाव अक्षर अक्षर वाचल्याशिवाय हो म्हणू नये. शाळेचा दाखला, बँकेचे पुस्तक, आधार, सातबारा हे चार कागद ओट्यावर मांडावेत. बहुतेक कागद ज्या नावाचे, तेच कायम धरावे. बायकांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे, अशी दोन नावे निघतातच. तिथे लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

दप्तरापलीकडच्या मंडळींना

तलाठ्याचे कागदोपत्री नाव २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झाले. गावाच्या तोंडी ते तलाठीच राहणार. त्यांच्याकडे तीन-तीन गावे, वर पीकपाहणी, पंचनामे, निवडणूक, सगळे अंगावर. हे मान्य करूनही एक मागणे आहे. चूक तुमच्या तपासणीत दिसली, तर अर्जाची वाट बघू नये. तपासणीत आढळलेली चूकही कलम १५५ खाली येते; फक्त नोटीस देऊन हरकती निकाली काढाव्या लागतात. एका गटात अक्षराची चूक सापडली तर त्याच हाताने टाइप झालेल्या शेजारच्या दहा गटांतही ती असते. एक अहवाल गेला तर दहा घरांचे हेलपाटे वाचतात.

अर्ज देऊन महिने लोटले आणि उत्तर नसेल, तर भांडू नये, माहिती मागावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर "माझ्या अमुक नंबरच्या अर्जावर कोणी, कोणत्या तारखेला काय शेरा मारला" एवढेच विचारावे. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. फाइल कोणत्या टेबलावर थांबली आहे ते त्यातून कळते आणि पुष्कळदा ती त्या आठवड्यात हलतेही.

आदेश झाला म्हणजे काम झाले, असे समजून पेढे वाटणारेही आहेत. आदेशाचा फेरफार पडतो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतात, तेव्हा कुठे उतारा बदलतो. आदेशाची नक्कल घेऊन तलाठ्याकडे जावे, फेरफार नंबर विचारावा, आणि नवा सातबारा निघाला की त्याबरोबर आठ-अ चा खातेउताराही काढून बघावा. सातबाऱ्यावर नाव सुधारले आणि खात्यावर जुनेच राहिले, असे होते. मग नव्या उताऱ्याची एकेक प्रत बँकेत, पीक विम्याच्या कागदात आणि सोसायटीत द्यावी. सोसायटीचे काम फेब्रुवारीतच उरकावे. मार्च लागला, की सचिव वसुलीच्या गडबडीत हाताला लागत नाहीत.